काळी-पांढरी

पहिली प्रिंट हिरवी आली.

पडद्यावर बाबा स्वच्छ करड्या छटांत उभे होते. प्रिंटरनं हळूहळू बाहेर ढकललेल्या कागदावर मात्र त्यांचं धोतर शेवाळल्यासारखं दिसत होतं. मायनं पदरानं चष्मा पुसला आणि कागद ट्यूबलाइटखाली धरला. ‘‘हिरवं कायले दिसते वं हे?’’ मग ती कागद घेऊन अंगणात गेली, उन्हात उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, ‘‘इथं त लालसर दिसते!’’

ज्या दोषासाठी जाणकार लोक वेगवेगळे दिवे लावून बसतात, तो मायनं घर ते अंगण एवढ्या अंतरात पकडला होता. साध्या इंकजेट प्रिंटरजवळ एकच काळी शाई असते. फिकट करडा हवा असला की तो निळी, किरमिजी आणि पिवळी अशा तीन शाया एकमेकींशेजारी शिंपडतो आणि त्यातून करडा भासवतो. हा करडा तीन जणांनी तोलून धरलेल्या काठीसारखा असतो. ट्यूबलाइटच्या उजेडाची घडण वेगळी, उन्हाची वेगळी. उजेड बदलला की तिघांपैकी एकाचा हात खाली जातो आणि धोतर हिरवं तरी होतं नाहीतर गुलाबी.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेरवीच्या घाईत आधार कार्डावरच्या फोटोवरून मोठा फोटो करून आणला होता. मागे निळं आकाश, अंगात त्यांनी जन्मात न घातलेला कोट. हार घातला, उदबत्ती लावली, माणसं येऊन गेली. सगळं झाल्यावर एका संध्याकाळी माय त्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, ‘‘याच्यात पाय नाईत त्यायचे. मी पाया कशाच्या पडू?’’

त्या रात्री मी मामांची पत्र्याची पेटी उघडली.

मामांचा स्टुडिओ नांदुऱ्यात स्टेशनच्या वाटेवर होता. पेटीत बटर पेपरच्या पाकिटांत शेकडो निगेटिव्ह होत्या. बरीच पाकिटं चिकटून बसलेली. त्यात ही एक सापडली, यशिका कॅमेऱ्यावर १२० च्या रोलवर घेतलेली, सहा सेंटिमीटरची चौकोनी. १९८३ चा जून. पहिला पाऊस पडून गेलेला, पेरणी तोंडावर आलेली. बाबा धुऱ्यापासून चार पावलं आत शेतात उभे आहेत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले. त्यांच्या मागे लांबवर चुन्यानं रंगवलेल्या घरांची एक ओळ.

आपल्याकडं गावाचे दोन भाग मानायची जुनी रीत आहे. माणसं जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, मातीची घरं पडली, पुन्हा बांधली, चुलींची राख साचली आणि माती पांढुरकी झाली, ती पांढरी. जिथं पिकतं ती काळी. कृष्णधवल हा शब्द मला पुढं शाळेत भेटला. काळी-पांढरी त्याआधीपासून कानांत होती. मामांनी त्या एका चौकोनात दोन्ही घेतल्या होत्या. वरच्या कडेला पांढरी, खाली काळी आणि मधे माझा बाप.

ओली काळी फोटोत पकडणं फार अवघड. ज्ञानगंगेच्या काठापासून पूर्णेपर्यंतची ही माती कोरडी असताना करडी दिसते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की ती उजेड पिऊन टाकते, परत काहीच देत नाही. निगेटिव्हवर सगळं उलटं, त्यामुळं जिथं काळी आहे तिथं फिल्म जवळजवळ कोरी काच झालेली. त्या कोऱ्या काचेत, त्याच मातीनं माखलेले पाय. काळ्यात काळं. भिंग लावून पाहिलं तेव्हा एका अंगठ्याची कड दिसली आणि मला हायसं वाटलं. कॅमेऱ्यानं पाय पाहिले होते. आता ते कागदापर्यंत आणायचे होते.

सुट्टीत मी मामांकडं ट्रे हलवायला बसायची. डार्करूम म्हणजे पूर्वी तुरीची पोती ठेवायची खोली. लाल दिवा, तीन ट्रे, हायपोचा तो नाकात बसणारा वास. डेव्हलपरला वीस अंशांच्या आसपासचं पाणी लागतं आणि आमच्याकडं मे महिन्यात रात्रीसुद्धा नळाचं पाणी कोमट. फार तापलं तर फिल्मवरचा सरसाचा थर फुगून सुटायला लागतो. म्हणून मामा माठाच्या पाण्यात काम करायचे, ट्रेखाली ओलं पोतं आणि पोत्यात बर्फाचे तुकडे. शिवाय आमचं गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर. मालगाडी गेली की एन्लार्जर थरथरायचा आणि फोटोतले डोळे पुसट व्हायचे. मामांना गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. ‘‘जाऊ दे हिले,’’ म्हणून ते अंधारात हात बांधून थांबायचे. शेवटचा डबा गेला, भांडी वाजायची थांबली, की मग दिवा लावायचे आणि तोंडानं आकडे मोजायचे. कोऱ्या कागदावर आधी केस यायचे, मग भुवया, मग सदऱ्याच्या गुंड्या. मी ते इतक्या वेळा पाहिलं आहे आणि तरी एकदाही सवयीचं झालं नाही.

तो काळा रंग चांदीचा असायचा. हे मला मामांनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. कागदावरच्या क्षारावर उजेड पडला की डेव्हलपरमध्ये त्याची शुद्ध चांदी होते, पण इतक्या बारीक कणांची, की ती चमकत नाही, काळी दिसते. उजेड न पडलेला क्षार हायपोत विरघळून जातो. म्हणून मामा वापरलेला हायपो फेकत नसत, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये साठवत. महिन्या-दोन महिन्यांनी खामगावकडचा एक माणूस येऊन तो घेऊन जायचा. खामगावला रजतनगरी म्हणतात, चांदीचा व्यवहार तिथं पिढ्यांचा. माझ्या मनात तेव्हापासून एक चित्र पक्कं बसलं आहे. आमच्या गावातल्या माणसांच्या चेहऱ्यांतली उरलेली चांदी खामगावला जाते, तिथं तिची जोडवी होतात आणि ती जोडवी घालून एखादी नवरी पुन्हा मामांच्या स्टुडिओत येऊन बसते.

ती डार्करूम आता नाही. ब्रोमाइड पेपर मागवता येतो, पण त्याची किंमत, रसायनं आणि मुख्य म्हणजे पाणी, याचा हिशेब माझ्या आवाक्यातला नाही. मी इंकजेटकडं वळले ती अशी, गरजेनं. आता मात्र त्याच्याकडं नाइलाज म्हणून पाहत नाही.

कारण शाईच्या नळीत काय आहे ते कळलं. चांगल्या पिगमेंट शाईतला काळा म्हणजे कार्बन, म्हणजे काजळी. माय लहानपणी माझ्या डोळ्यांत घालायची तीच. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी धरलेली तांब्याची ताटली, सकाळी बोटानं खरवडून काढलेला मऊ काळा थर आणि त्यात थेंबभर तूप. आपल्या जुन्या पोथ्याही याच काजळीनं आणि डिंकानं लिहिलेल्या. कागद तपकिरी होऊन कडेनं झडतो, अक्षर काळंच राहतं. कार्बनला उन्हानं उडून जायचं ठाऊक नाही. कारखान्यात ही काजळी इतकी बारीक करतात, की ती पाण्यात तरंगत राहते आणि केसाहून कितीतरी बारीक छिद्रातून बाहेर पडते. काही प्रिंटर ती उष्णतेनं फेकतात. माझ्या प्रिंटरमध्ये विजेचा झटका मिळाला की वाकणारा एक स्फटिक आहे आणि तो वाकला की थेंब सुटतो. थेंब साडेतीन पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या काजळीनं माय चिमणीच्या पिल्लालासुद्धा तीट लावू शकली नसती.

पण एकट्या काळ्यानं भागत नाही. धोतराच्या पांढऱ्यावर काळा ठिपका पडला की तो कितीही बारीक असला तरी माशी बसल्यासारखा दिसतो. फिकट जागी ठिपके विरळ आणि विरळ ठिपके डोळ्यांना सापडतात. यावरचा उपाय ताकासारखा आहे, पाणी घालत जायचं. तीच काजळी पातळ करून करडी शाई, आणखी पातळ करून फिकी करडी. मग पांढऱ्या जागी फिक्या शाईचे ठिपके दाट पडतात आणि दिसत नाहीत, नुसता रंग दिसतो. हे सुचायला लोकांना वेळ लागला. गायक ग्रॅहम नॅश यांनी स्वतःच्या कृष्णधवल फोटोंसाठी छपाईच्या कामाचं एक अवाढव्य आयरिस यंत्र आणलं आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचा छापखानाच थाटला. पुढं अमेरिकेतच जॉन कोन यांनी साध्या रंगीत प्रिंटरच्या सगळ्या नळ्यांत रंगांऐवजी काळ्याच्याच पातळ-दाट छटा भरल्या. रॉय हॅरिंग्टन यांनी क्वाडटोन रिप नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं, कोणत्या छटेला कोणती शाई किती सोडायची ते माणसाच्या हातात देणारं. आणि २००५ मध्ये एप्सननं तीन काळ्यांचा संच बाजारात आणला, तेव्हा कुठं घरात बसून हे करणं आम्हाला शक्य झालं. माझा आताचा प्रिंटर त्याच घराण्यातला, पुण्याहून जुना आणलेला. एस्टीत मी तो मांडीवर घेऊन बसले होते.

निव्वळ कार्बन थोडा तपकिरीकडं झुकतो, म्हणून त्याला सरळ करायला निळ्या-किरमिजीचं अगदी बोट लावावं लागतं. तेवढं चालतं. आता करड्याचा भार काजळीवर असतो, रंग नुसते हाताशी उभे.

कागदाचं निराळंच. सुरुवातीला मी दुकानातला झळझळीत पांढरा फोटो पेपर वापरला. मायनं तो पाहून विचारलं, ‘‘याले टिनोपाल देल्लं काय?’’ देल्लंच होतं. कपडे उजळ दिसावेत म्हणून आपण टिनोपाल घालतो, तशीच द्रव्यं कागदात घालतात. ती उन्हातल्या अदृश्य किरणांना निळसर उजेडात बदलतात आणि कागद पांढऱ्याहून पांढरा भासतो. काही वर्षांनी त्यांचा जोर ओसरतो आणि खालचा पिवळेपणा वर येतो. टिकायचा कागद टिनोपालविना हवा आणि तो सुती हवा. जर्मनीतली हानेम्यूले ही गिरणी १५८४ पासून कागद करते आहे. तिचा ३०८ ग्रॅमचा सुती कागद फोटो छापणाऱ्या लोकांत फार मानतात. तो मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ओळखीचा वाटला आणि का ते लगेच उमगेना. मग आठवलं, जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीवर जी आखूड लव उरते, तिचा स्पर्श. कागदासाठी सुताच्या चिंध्या वापरतात, तशीच ही लवही वापरतात.

वऱ्हाडच्या मुलीला यात काय वाटलं असेल ते सांगायला हवं का? अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ पासून तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांच्या नजरा आमच्या काळीकडं वळल्या. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये आमच्या शेजारच्या जलंबहून खामगावचा फाटा काढला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, ते या कापसासाठी. तेव्हापासून आमचा कापूस गाडीत बसून जातोच आहे. बाबांनी चाळीस वर्षं तो पिकवला. मायनं पहिल्या वेचणीला सीतादही केलं, कमरेला ओटी बांधून तो वेचला, बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांची पेरं कायमची खरबरीत झाली. आता मी ताव मोजून विकत आणते, तीन कमी पडले तर आठवडा थांबते. हा व्यवहार मला टोचतो. पण बाबांचा फोटो दुसऱ्या कशावर काढावा असंही वाटत नाही.

मधे पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणून पाहिला. १९४० पासूनची ती संस्था, सुती चिंध्यांचा सुंदर कागद करते. त्यावर शाई फुटली. पावसात भिजलेल्या पाटीवरच्या अक्षरांसारखे बाबांचे डोळे पसरले. इंकजेटच्या कागदावर शाई जागच्या जागी धरणारा एक बारीक मुलामा लागतो आणि तो मुलामा घरच्या तांदळाच्या खळीनं साधत नाही. मी तीन रविवार त्यात घातले.

पांढरं शिकायला मी हायवेवर गेले. नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती येणाऱ्याजाणाऱ्याला लांबून दिसतो. दुपारी बाराच्या उन्हात त्या पांढऱ्या अंगाचा फोटो काढला तर छाती, दंड, मांड्या सगळं एकाच कोऱ्या कागदात विरतं आणि उरतात फक्त डोळे आणि दागिने. मी सकाळी सातला गेले, संध्याकाळी गेले, ढगाळ दिवशी गेले. कोऱ्या कागदापेक्षा दोन-तीन टक्केच गडद अशी एक छटा असते. ती सांभाळली की पांढऱ्याला गोलाई येते, ती सुटली की भोक पडतं. धोतराची घडी मी त्या मारुतीच्या दंडावर शिकले.

काळ्याचा पाठ जास्त कठीण निघाला. मी एकवीस पायऱ्यांची पट्टी छापली, कोऱ्या कागदापासून पूर्ण काळ्यापर्यंत. पहिल्या अठरा पायऱ्या वेगळ्या दिसत होत्या. शेवटच्या तीन एकच. बाबांचे पाय नेमके तिथं होते.

याला कारण आहे. चकचकीत कागदावरचा चांगला काळा पडलेल्या उजेडाचा सुमारे एकशेसाठावा भाग परत पाठवतो. मॅट सुती कागदावरचा काळा चाळिसावा. त्याचे तंतू उजेड इकडेतिकडे विखुरतात, म्हणून तो कधीच विहिरीसारखा खोल होत नाही. पायांसाठी चकचकीत कागद बरा पडला असता. तसा एक काढलाही. मायनं तो भिंतीला टेकवून ठेवला आणि समोरून, बाजूनं, खाली बसून पाहिला. ‘‘याच्यात खिडकी दिसते,’’ ती म्हणाली. खरंच, पायांवर आमच्या खिडकीचे गज पडले होते.

म्हणजे मॅटवरच काढायचं ठरलं आणि त्या चाळिसाव्या भागात सगळं बसवायचं. सरसकट सावल्या उजळल्या तर पाय वर येत, पण मातीची राख होई. जूनमधली ओली काळी मार्चमधल्या वखरलेल्या धुळीसारखी दिसे. बाबा त्या रंगाच्या मातीत पेरणीला उभे राहिले नसते. मामा अशा वेळी सायकलच्या स्पोकला लावलेली पुठ्ठ्याची चकती उजेडात धरायचे आणि हलवत राहायचे, म्हणजे तेवढी जागा उजळ राहायची आणि कड उमटायची नाही. ‘‘हात थांबला का फसला,’’ असं म्हणायचे. मी तेच माउसनं केलं. आधी शेवटच्या तीन पायऱ्या वेगळ्या दिसेपर्यंत शायांची वक्ररेषा सुधारली, पट्टी पुन्हा छापली, वाळू दिली, पुन्हा पाहिली. ओली असताना वेगळी वाटणारी पायरी वाळल्यावर शेजारणीत मिसळून जाते, म्हणून रात्रभर थांबायचं. मग पाय. आधी नखं, घोट्याचं हाड, चिखल जिथं वाळून पांढुरका झाला होता ती कड. एका वेळी अर्धा टक्का.

मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस अंश. इतक्या कोरड्या हवेत शाई छिद्रातच वाळते. नोझल चेकच्या जाळीत रोज सकाळी रेघा तुटलेल्या. हेड धुवायचं म्हणजे महाग शाई नाल्यात. शेवटी प्रिंटर कूलरच्या खोलीत, पण त्याच्या झोतापासून दूर नेला. वाळ्याच्या ओल्या ताट्यांनी शाई मऊ राहिली. कागदाच्या कडा मात्र पापडासारख्या वळायला लागल्या, म्हणून ताव ट्रंकेत कपड्यांखाली दाबून ठेवले. मामांचं ओलं पोतं मला रोज आठवत होतं.

अकराव्या तावाला रात्री पावणेदोन झाले होते. मी बटणावर बोट ठेवलं आणि लांबून गाडीचा आवाज आला. थांबले. मालगाडी होती, बराच वेळ चालली. फडताळातल्या वाट्या वाजल्या, मग थांबल्या. मग बटण दाबलं. इथं अंधारातून काही उमलत नाही, फोटो वरून खाली ओळी-ओळींनी विणला जातो. आधी पांढरीतली घरं आली. मग फेटा, कपाळ, अरुंद झालेले डोळे. धोतराची घडी. मग बराच वेळ नुसती काळी.

ताव बाजेवर पसरून ठेवला आणि मी झोपले.

उठले तेव्हा माय बाजेशेजारी खाली बसली होती. किती वेळ, कोण जाणे. चहा गार झाला होता. तिनं वाकून कपाळ बाजेच्या माचव्याला टेकवलं, मग तर्जनी पुढं केली आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर ठेवली.

‘‘हात नको लावू माय, निघते ते.’’

मॅटवरचा काळा नाजूक असतो. तिच्या खरबरीत पेरावर बारीकसा डाग आला होता. कागदावरही एक पुसट रेघ उठली होती. माय ओशाळली नाही. तिनं बोट ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं, मग उठून अंगणात गेली, उन्हात उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, ‘‘इथंबी काळंच हाय!’’